कियोआजी नेमकी कुठल्या भाषेत बोलली?

आधीच सांगतो, आमच्या घरात असलं काही कुणी मानत नाही. बाबांची पहिली स्कूटर आईने मुद्दाम अमावास्येला घ्यायला लावली, का तर शोरूममध्ये गर्दी नसते. त्यामुळे हे लिहिताना मलाच संकोच वाटतोय… पण मी स्वतः तिथे होतो.

जपानातल्या २०११च्या मोठ्या भूकंपाला तेव्हा चारेक वर्षं झाली असतील. मी टोकियोत ओजिमाला राहायचो, आयटीतली नोकरी. आई पुण्याहून आली होती. ऑफिसातले मोरिता-सान आम्हा दोघांना उत्तरेकडच्या इवाते प्रांतातल्या त्यांच्या गावी घेऊन गेले. डोंगरातलं गाव, वीसेक घरं, एक देऊळ.

भूकंपात त्या देवळाचं छप्पर खचलं, तेव्हा मोरिता-सानच्या आत्याने, कियोआजीने, ग्रामदेवाची जुनी लाकडी मूर्ती बाहेर काढली आणि कुठेतरी लपवली. जवळच्या शहरातल्या म्युझियमवाल्यांचा मूर्तीवर डोळा होता ना! गावाने किती विनवलं, पण ही बाई हवापाण्याच्या गोष्टी काढायची. देव नाही म्हणून जत्रा बंद. शेवटी गावाने हात टेकले, देऊळच शेजारच्या गावाच्या देवळात विलीन करायचं ठरत आलं होतं.

दुपारी मी आणि मोरिता-सान ते देऊळ बघायला गेलो. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती कियोआजीबरोबर ओसरीवर फळं सोलत बसली. टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ, तिथे त्याला ‘काकी’ म्हणतात. आईचं जपानी एवढंच — आणि ‘अरिगातो’, म्हणजे धन्यवाद, तेही ती ‘अरे गातो’ म्हणायची.

परत आलो तर दोघी गप्पांत रंगलेल्या. मला बघून आई शांतपणे म्हणाली, “देव लोणच्याच्या पिंपात आहे.”

मला वाटलं, हिला ऊन लागलं.

“मागच्या कोठारात, मुळ्याच्या लोणच्याचं तडा गेलेलं पिंप. आत तुसात ठेवलाय. पण म्युझियमला देणार नाही असा शब्द द्या म्हणाली. मी गावातर्फे देऊन टाकला.”

मी भीत भीत मोरिता-सानना सांगितलं. ते गेले, पिंपात हात घातला… आणि मूर्ती निघाली. मुळ्याचा वास मारत होती, पण अखंड. मोरिता-सान तिथेच जमिनीवर बसले, एकदम हसायला आणि रडायला लागले. आईने दिलेला शब्द गावाने पाळला. पुढच्या वर्षी जत्रा झाली.

पण हे कळलं कसं? आई म्हणते, कियोबाई स्वच्छ मराठी बोलत होत्या, जरासा कोकणी हेल काढून. कियोआजीने भाच्याला सांगितलं, त्या बाई आमच्या गावची अस्सल बोली बोलल्या, हल्लीच्या पोरांना येत नाही तशी. खाणाखुणांनी कळलं असेल म्हणावं, तर माझ्या दोन मावश्यांचं भांडण साडीवरून झालं, हेही कियोआजीला ठाऊक!

आई पुण्याला परतल्यावर मी सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आम्ही मुद्दाम दोघींचा व्हिडिओ कॉल जमवला. कियोआजी स्क्रीनवर आली, वाकून नमस्कार केला, भरभर काहीतरी बोलली. आईनेही मराठीत तब्येतीची चौकशी केली. मग फोनवर हात ठेवून मला हळूच म्हणाली, “आज ही जपानीत का बोलतेय रे? रागावलीये का माझ्यावर?”

पलीकडून मोरिता-सान खालच्या आवाजात मला विचारत होते, आत्या काळजीत पडलीये — तुमच्या आई आज परक्या भाषेत का बोलताहेत?