सहा मांजरं आणि तळमजल्यावरचे काका

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगखाली आठवड्याभरात सहा मांजरं मेली. पहिलं पाण्याच्या मीटरजवळ सापडलं, तेव्हा कोणी फारसं बोललं नाही. चौथ्यानंतर सोसायटीच्या ग्रुपवर एकच शब्द फिरू लागला: विष. 'आज मांजर, उद्या आपलं पोर,' असं कोणीतरी लिहिलं. मुलांचं खाली खेळणं बंद झालं.

संशय तळमजल्यावरच्या काकांवर. निवृत्त, तिरसट माणूस. मांजरं स्कूटरची सीट फाडतात म्हणून काठी घेऊन धावायचे. आम्ही सात-आठ जण त्यांच्या दारात गेलो. मांजरांना रोज खायला घालणारी मी, म्हणून सगळ्यांत पुढे मीच.

"काका, खरं सांगा. काय घातलंत त्यांना?"

सेफ्टी डोअर न उघडताच ते म्हणाले, "हाकलतो मी. मारत नाही." आणि त्यांनी आतली कडी घातली. मला ती गुन्ह्याची कबुलीच वाटली.

दुसऱ्या दिवशी माझी घरात पाळलेली मांजर जेवली नाही. पाण्याच्या वाडग्यावर मान टाकून बसली, पण पाण्याला तोंड लावेना. मी हादरले. ती तिसऱ्या मजल्यावरून कधी खाली उतरलीच नव्हती; खिडक्यांना जाळ्या होत्या. विष घरात आलं कसं? मी भाताचं पातेलं हुंगलं, दाराचं कुलूप दोनदा तपासलं, मग तिला उचलून डॉक्टरांकडे पळाले.

त्यांनी टेस्ट केली. "विष नाही. व्हायरस आहे, मांजरांमध्ये झपाट्याने पसरतो. लस दिली होती?"

"नाही. घरातच असते ना ती. खालच्या मांजरांना तेवढं मी रोज खायला घालते."

"ती असते. तुम्ही खाली जाता. आजारी मांजरांना हात लावता, त्याच कपड्यांनी, त्याच चपलांनी वर येता."

तिच्या पाठीवरचा हात मी झटकन काढून घेतला.

चौथ्या दिवशी ती गेली.

मी काकांकडे जाऊन सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला काय सांगतेस? ग्रुपवर लिही. तिथेच लिहीत होतात ना सगळे?"

लिहिलं. रिपोर्टचा फोटो टाकला. दोघांनी अंगठा दिला. एकीने विचारलं, "हे माणसांना होतं का?" नाही, असं मी दोनदा लिहिलं. तरी संध्याकाळी खाली एकही पोर दिसलं नाही. आणि काकांच्या घरच्या काकू भाजी घ्यायला गेटवर आल्या, तेव्हा तिथल्या बायका बाजूला सरकल्या.