मामा म्हणून आलेला माणूस

ती घटना आठवायला मला कुठली वही उघडावी लागत नाही. नोकरीत किती पंचनामे लिहिले याची गणती नाही, बरेचसे विसरले. हा एक दिवस विसरले नाही, कारण त्या दिवशी दुपारपर्यंत मीसुद्धा चुकीच्या बाजूला उभी होते.

माझी शाळा सातवीपर्यंत, तीही गावातलीच प्राथमिक शाळा. नवरा पोलिसात होता. तो नोकरीत असताना वारला आणि त्याच्या जागी मला घेतलं. शिपाई म्हणून लागले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. मोठ्या साहेबांसारखं सजवून लिहिता येत नाही. जे झालं ते सांगते. नाव कुणाचंच सांगणार नाही.

तेव्हा मी हवालदार होते. आमचं ठाणं धुळे-जळगाव रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी होतं. आखाजी होऊन चार-पाच दिवस झाले होते. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. ऊन असं की दहा वाजताच खुर्चीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. ठाणे अंमलदार जेवणाचा डबा ठेवायला आत गेला होता म्हणून फोन मी उचलला. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता. म्हणाला, "गावाबाहेरच्या मिशनच्या बालगृहात एक पोरगी डांबून ठेवली आहे. तिचं नाव बदललंय, धर्म बदलून टाकताहेत. तुम्ही झोपा." फोन ठेवला. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली, वेळ टाकली.

अर्ध्या तासात पंधरा-वीस माणसं ठाण्यात आली. पुढे पांढऱ्या सदऱ्यातला चाळिशीचा माणूस. त्याच्या शेजारी गावातला एक पुढारी, हातात मोबाइल, व्हिडिओ सुरूच. पांढऱ्या सदऱ्याचा माणूस बाकावर बसला आणि रडायला लागला.

"मी तिना मामा शे बाई. बहीण गई, मेहुणा गया. भाची तेवढी उरली. ती मिशनवाल्यांनी पळवली."

त्याच्याकडे एका सरपंचाच्या लेटरहेडवरचा दाखला होता. हा मुलीचा सख्खा मामा आहे, असं त्यावर लिहिलेलं, खाली शिक्का. मामा म्हटलं की आपल्याकडे माणसं लगेच मऊ होतात. आमच्या अंमलदाराने त्याला आपल्या माठातलं पाणी दिलं. मलाही त्याची कीव आली, हे कबूल करते. देवळात जाणारी बाई मी, घरी श्रावणात कानबाई देवी बसते. मिशनच्या त्या फाटकापुढून हजारदा गेले होते, आत कधी पाय टाकला नव्हता. आत काय चालतं ते ठाऊक नव्हतं, तरी काहीतरी वाईटच चालत असणार हे मात्र ठाऊक होतं. असं आपलं ठाऊक असणं असतं.

साहेब नवे होते, नाशिककडून बदलून आलेले. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, मुलगी घेऊन या. मामाच्या ताब्यात द्या. ताबा पावती करा आणि विषय संपवा. संध्याकाळी हे लोक रस्ता अडवतील."

"साहेब, बालकल्याण समितीला विचारायला लागेल."

"समिती जिल्ह्याला बसते. गर्दी इथे बसली आहे."

मी साध्या साडीत गेले. लहान मुलांपुढे वर्दी नको, असा नियम आहे.

बालगृह म्हणजे कौलारू लांब खोल्या, पुढे कडुनिंब, भिंतीवर साधा लाकडी क्रूस. चाळीसएक मुलं. चुलीवर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी चालल्या होत्या. तिथली मुख्य बाई साठीच्या आतबाहेरची, अंगाने भरलेली, पदर खोचलेला. मुलं तिला अक्का म्हणत. मला वाटलं होतं गोड गोड बोलणारी कुणी परदेशी वळणाची बाई असेल. ही तर माझ्यापेक्षा खडूस निघाली.

"चहा घेशील का बाई? का बाटशील?"

"चहा घेईन. आधी कागद दाखवा."

"कागद घे. तुमच्याकडचे लोक आले की कागदच मागतात. पोरांना काय हवंय ते कुणी मागत नाही."

फाइल चोख होती. मुलीला आणून दिलेलं पारोळ्याजवळच्या तिच्या गावच्या पोलीस पाटलाने. बाप विहिरीचं काम करताना दरड कोसळून गेला, आई त्याच वर्षी काविळीने. समितीचा आदेश जोडलेला होता. शाळेचा दाखला पाहिला, नाव तेच, आईबापांनी ठेवलेलं. बदललं बिदललं काही नाही. पण आदेशात एक ओळ होती, 'जवळचे नातेवाईक आढळून आले नाहीत'. आता नातेवाईक ठाण्यात बसून रडत होता. म्हणजे कागद कितीही चोख असला तरी मुलगी जाणारच होती. सगळा प्रश्न एवढाच उरला, तो माणूस मामा आहे की नाही.

मुलगी तेरा वर्षांची, काटक. गव्हातले खडे निवडत बसली होती. मी म्हटलं, "तुझा मामा आलाय तुला न्यायला."

तिने मान वरसुद्धा केली नाही. "माले मामा नही."

मला वाटलं, पढवून ठेवली आहे. पढवलेली मुलं मी पुष्कळ पाहिली होती. विचारलं की धडाधड बोलतात आणि बोलताना मोठ्या माणसाकडे बघतात. ही अक्काकडे बघत नव्हती, खड्यांकडे बघत होती. तरी मी विश्वास ठेवला नाही. मामाचा विषय सोडून दिला आणि तिच्याबरोबर गहू निवडायला बसले. आखाजी नुकतीच झाली होती, म्हणून तीच निघाली तोंडातून.

"घरी असताना आखाजीला काय करायचीस गं?"

"झोका खाऊ."

"आणि आई? आई माहेरी जायची असेल."

"नही. बठ्ठा बायका जायेत. मनी मायले ले जावाले कोनीच ये नही. ती ओटावर बसे. मंग शेजारनी आजी तिले हात धरीसन जेवाले ले जाये."

हे ऐकून माझे हात थांबले. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आखाजीला सासरी असलेली लेक माहेरी येते. तिला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ कितीही कामात असो, भांडलेला असो, मुराळी जातोच. ज्या बाईला न्यायला कुणी येत नाही, तिला भाऊ नाही, हे गल्लीतल्या पोरांनाही कळतं. पढवणारा माणूस 'मला मामा नाही' एवढं पढवेल. ओट्यावर बसलेली आई कोण पढवणार?

मी उठले. अक्का फाटकापर्यंत आली.

"काय करणार आहेस?"

"मुलगी इथेच राहील. फाटक लावून घ्या."

"तुझा साहेब?"

"साहेबाचं मी बघते."

"बघ. चहा तसाच राहिला तुझा," म्हणाली.

बाहेरूनच मुलीच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. म्हटलं, "आबा, त्या मुलीच्या शेजारची आजी जिवंत आहे का? असेल तर जशी असेल तशी गाडीवर बसवून आणा."

ठाण्यात परत आले तर टेबलावर ताबा पावती तयार. साहेबांनी विचारलं, "मुलगी?"

"आणली नाही."

"का?"

"साहेब, त्या माणसाचा जबाब नाही घेतला अजून. जबाब न घेता ताबा दिला आणि उद्या काही झालं तर पावतीवर सही कुणाची?"

साहेबांनी पावतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "घ्या जबाब. लवकर."

माणसाला ओरडून विचारलं की तो आवळतो. घरातल्यासारखं विचारलं की सैल सुटतो. मी त्याला चहा दिला, पंखा त्याच्याकडे वळवला.

"भाऊ, बहिणीवर फार जीव होता म्हणा तुमचा."

"एकच बहीण बाई."

"आखाजीला आणायला तुम्हीच जात असाल."

"मंग? दरसाल मीच मुराळी. एक साल चुकाडं नही."

"मुलगी पण यायची?"

"मनाच खांद्यावर बसीसन ये. झोका मीच बांधू तिले, निंबाले."

मी न बघता लिहीत होते. त्याला वाटलं बाई विरघळली. तो आणखी सांगत सुटला. बहिणीला दिलेली साडी, तिचा रंग, भाचीला घेतलेल्या बांगड्या. मागे उभी असलेली माणसं माना हलवत होती. पुढाऱ्याचा मोबाइल सगळं टिपत होता. मी जबाब वाचून दाखवला, त्याने झोकात सही केली.

दीड-दोन तासांनी पोलीस पाटील आले. मागे मोटरसायकलवर नऊवारीतली वाळलेली म्हातारी, डोक्यावर ऊन लागू नये म्हणून ओला पंचा. तिला आत आणलं, खुर्ची दिली. ती बसली नाही. पांढऱ्या सदऱ्याकडे बोट करून विचारलं, "हाऊ कोन शे?"

मी म्हटलं, "आजी, हा त्या मुलीचा मामा. दर आखाजीला मुराळी यायचा म्हणतो."

म्हातारी हसली. दात नव्हते, तरी ते हसणं सगळ्यांना लागलं.

"मुराळी? अरे मुडद्या, तिले भाऊ कधी व्हता? एकलीच व्हती ती माय बापले. बारा आखाजी मनाच घर मांडा खाईसन गई बिचारी. तू कोना घर झोका बांधा रे?"

मागची माणसं खानदेशातलीच. त्यांना आणखी पुरावा लागला नाही. एकजण चपला शोधायला लागला. दुसऱ्याला बाजाराचं काम आठवलं. मोबाइल खाली गेला. पाच मिनिटांत ठाण्यात आमची माणसं, म्हातारी, पुढारी आणि घामाने भिजलेला पांढरा सदरा एवढंच उरलं.

मग त्याचा फोन पंचांसमोर ताब्यात घेतला. सकाळी ठाण्यात आलेला फोन त्याच नंबरवरून होता. आत त्या मुलीचे फोटो, शाळेच्या रस्त्यावर लांबून काढलेले. ते फोटो दुसऱ्या राज्यातल्या एका चाळिशीच्या नवऱ्या मुलाच्या घरी पाठवलेले. त्याचा धंदाच तो होता. ज्या पोरीच्या मागे कुणी नाही ती शोधायची, नातेवाईक व्हायचं आणि लग्न लावून पाठवायची. बालगृहाची भिंत आड आली, म्हणून त्याने धर्माची आवई उठवली. भिंत आपण पाडायची नाही, गर्दीकडून पाडून घ्यायची, एवढी अक्कल त्याला होती. सरपंचाने न बघता शिक्का मारला होता. आम्हीही न बघता सही करणार होतो.

गुन्हा दाखल झाला. साहेबांनी ताबा पावती फाडली. पुढारी जाता जाता बोलला.

"ठीक आहे बाई, हा माणूस खोटा निघाला. पण ते लोक पोरांना येशूची प्रार्थना शिकवतात, त्याचं काय?"

मी कागद ओढला, पेन उघडलं. "भाऊ, तुमचं म्हणणं बरोबर. ही पोर तुम्ही घरी न्या. समितीकडे अर्ज करू, मी लिहून देते. सांगा, घरात माणसं किती?"

"तसं नाही... आमच्याकडे जागेची अडचण आहे."

"तुमच्या तीन मजली घरात?"

तो गेला. नंतर बालगृहावर वरून चौकशी लागली. मला बोलावलं, मी जे पाहिलं ते सांगितलं. काहींनी आधी निरोप पाठवले होते की जरा वेगळं सांगा. मी वेगळं सांगितलं नाही. महिन्याभरात माझी बदली सातपुड्याच्या पायथ्याशी झाली. केळीच्या मुलखात तीन वर्षं काढली. केळी गोड असतात तिकडची.

सगळ्या संस्था चांगल्या, असं मी म्हणत नाही. नोकरीत दोन संस्थांना मी स्वतः कुलूप लावलं, त्यातली एक आपल्याच देवाच्या नावाची होती. या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं की दाराबाहेर उभं राहून आतलं ठाऊक आहे असं मानू नये. आत जावं, रजिस्टर बघावं, पोरांच्या ताटात काय आहे ते बघावं, आणि त्यांच्याजवळ बसून बोलावं.

निवृत्त झाल्यापासून मी त्या बालगृहात जाते. प्रार्थनेला बसत नाही, अक्काही बसवत नाही. मी कागदांचं बघते. निम्म्या पोरांकडे जन्माची नोंद नसते, जातीचा दाखला नसतो. पोलीस पाटलाकडून काय आणायचं, तहसीलमध्ये कुठल्या टेबलावर कुणापुढे उभं राहायचं, हे मला ठाऊक आहे, आणि मी 'उद्या या' ऐकून परत जात नाही. शेतातली ज्वारी येते त्यातली चार पोती तिकडे टाकते. भावकीत कुजबुज चालते. चुलत जाऊ एकदा लग्नघरात सगळ्यांदेखत म्हणाली, "बाटली का गं तू?" मी म्हटलं, "नाही. तुझी दोन पोती पण दे, तू पण बाटणार नाहीस." तिने दिली नाहीत.

तो माणूस जामिनावर सुटला. खटला अजून संपलेला नाही, साक्षीला मी दोनदा जाऊन आले. बोलावलं तर काठी टेकत तिसऱ्यांदा जाईन. ती मुलगी आता मोठी झाली आहे. लोक विचारतात, कुठे असते, काय शिकली, लग्न झालं का. ते मी इथे लिहिणार नाही आणि तोंडी सांगणार नाही. ज्याला फारच नड असेल त्याने माझ्या दारात यावं, आधी त्याचाच जबाब घेईन. मी घरीच असते.