दातातला दोर

साहेबानं डोक्यावरची हॅट काढली, बोटावर एकदा फिरवली आणि डोहात भिरकावली.

"हां, आण," म्हणाला.

मी उडी मारली. चार हात मारले, हॅट दातात धरली आणि काठाकडे वळलो. काठावर एकदम हशा पिकला. साहेबाची बाई झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती. ती टाळ्या वाजवत म्हणाली, "अहो, अगदी आपला टायगर!"

टायगर त्यांचा कुत्रा होता. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, इंग्रजीत शाबासकी दिली. मीही हसलो. दातात हॅट धरून माणसाला जेवढं हसता येतं तेवढं हसलो. मग दोन्ही हातांनी ती साहेबाला दिली आणि वाकून नमस्कार केला. साहेबानं हॅट धोतऱ्याच्या पानासारखी दोन बोटांत धरली आणि शिपायाला म्हणाला, "पास."

असा मला परवाना मिळाला.

आम्ही भोई. चिखलीच्या खाली इंद्रायणी वळते तिथं मोठा डोह आहे, त्या डोहावर आमची चार-पाच घरं. मासे धरायचे आणि नावेतून माणसं पलीकडे न्यायची, हा बापजाद्यांचा धंदा. गोरे साहेब होते तेव्हा ते छावणीतून गळ टाकायला यायचे. ते गेले आणि त्यांच्या काठ्या, त्यांच्या खुर्च्या, त्यांच्या हॅटा घेऊन आपले साहेब यायला लागले. रविवारी नाव भाड्यानं घ्यायची, डोहाच्या मध्यावर उभी करायची, मरळ मासा लागेपर्यंत बसायचं. आमचं घर त्या रविवारावर चालायचं. बाकीचे सहा दिवस नुसते मधे होते.

मग नियम आला. भाड्यानं माणसं नेणाऱ्या नावाड्याला सरकारचा परवाना पाहिजे. नाव तपासून घ्यायची, नावाड्यानं पोहून दाखवायचं, आणि दर वर्षी परवाना नवा करून घ्यायचा. खालच्या अंगाला कुठंतरी नाव उलटून माणसं बुडाली होती, म्हणून हा नियम. नियम वाईट नव्हता हे मी आजही म्हणतो. भोयाला पोहता येतं का विचारणं म्हणजे बेडकाला विचारणं, पण विचारा बापडे. आम्ही दाखवतो.

दातात धरायचं मला कुणी सांगितलं नव्हतं. ती आमची रीत. पुराच्या पाण्यात नाव ओढायची तर दोराचं टोक दातात धरून पोहतात. हात पाण्याला, दोर दाताला. लहानपणी आबानं, म्हणजे माझ्या बापानं, मला पोहायला शिकवलं तेच तोंडात दोर देऊन. "सोडलास तर नाव गेली," म्हणायचा. म्हणून पाण्यात काहीही हाती लागलं की ते आधी आमच्या दातात जातं. विचार करून नाही जात. मी त्या दिवशी माझ्या बापाची विद्या दाखवली आणि त्यांना कुत्रा दिसला.

पुढच्या रविवारी दुसरे साहेब आले. नावेत पाय ठेवायच्या आधीच एकानं विचारलं, "तो दातात आणणारा कुठाय?"

वर्षभर हेच चाललं. मासा लागला नाही, कंटाळा आला, की काहीतरी पाण्यात पडायचं. कधी चेंडू, कधी बिस्किटाचा रिकामा डबा. मी आणायचो. बाईसाहेब एकदा म्हणाल्या, "हातात नाही हं, दातात," आणि मी हातातली वस्तू पुन्हा पाण्यात टाकून दातात धरली. बक्षिशी मिळायची. ती मी आबाला द्यायचो. आबा ती कमरेला खोचायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो आम्ही दोघं एकाच नावेत बसून खात होतो, आणि एकमेकांकडे बघत नव्हतो.

एक सांगायचं राहिलं. आमच्या नावेत पायताण घालून कुणी चढत नाही. नाव म्हणजे आमची लक्ष्मी. साहेब बूट घालूनच चढायचे, त्यांना कोण सांगणार? ते गेले की आबा नदीचं पाणी घेऊन नाव धुवायचा. जिथं जिथं बूट लागले तिथं हात फिरवायचा, मग हळदीचं बोट लावायचा. अंधार पडला तरी तेवढं केल्याशिवाय घरात यायचा नाही.

माझं नाव हळूहळू पुसलं गेलं. एक दिवस मोटार थेट आमच्या घरांपाशी आली आणि आतून कुणीतरी शीळ घातली. "ए टायगर!" आई चुलीपाशी होती. तिनं विचारलं, "कुनाला हाक मारत्यात रं?"

"मला," म्हणालो.

तिनं फुंकणी उचलली आणि चुलीत फुंकर घालायला लागली. चूल चांगली पेटलेली होती. त्या क्षणाला मला जेवढी लाज वाटली तेवढी हॅट दातात धरतानाही वाटली नव्हती. घरात तीन माणसं होती आणि मी कुणापाशी बोलणार होतो? बापाशी? त्यानंच तर दोर दिला होता तोंडात.

वर्ष संपलं. परवाना नवा करायचा दिवस आला. हाच साहेब, हीच बाई, बरोबर पाहुणे. परीक्षा म्हणजे त्यांची सहल झाली होती. डबे आणले होते, सतरंजी अंथरली होती. भावकीतले बाकीचे नावाडी ओळीनं उभे होते. त्यांना साहेबानं नुसतं या काठावरून त्या काठावर पोहायला लावलं. पास, पास, पास.

"आता आपला टायगर," साहेब म्हणाला.

कुणीतरी म्हणालं, हॅट तरंगते, त्यात काय मजा? बाईसाहेबांनी हसत पायातली चप्पल काढली. चामड्याची, जड. साहेबानं ती घेतली आणि डोहाच्या मध्यावर फेकली. ती सरळ बुडाली.

मी आबाकडे बघितलं. आबा त्यांच्याबरोबर हसत होता. दात दिसत होते, डोळे मेल्यासारखे होते.

मी उडी मारली. तळाला गेलो. गाळात हात फिरवला, चप्पल लागली. सवयीनं तोंडाकडे नेली. ओठाला कातडं लागलं आणि मला आबाचा हात आठवला, बुटाच्या खुणांवरून फिरणारा, हळद लावणारा. जे आम्ही नावेच्या फळीला लागू देत नाही ते मी तोंडात धरायला निघालो होतो. म्हणजे आमच्या घरात फळीला मान होता आणि मला नव्हता. मी चप्पल तिथंच गाळात सोडली आणि वर आलो.

"काय रे, मिळाली नाही?" साहेबानं विचारलं.

मिळाली नाही असं म्हणता आलं असतं. साहेब हसला असता, दुसरं काही फेकलं असतं, परवाना मिळाला असता. माझ्या तोंडून निघालं, "मिळाली. खाली हाय. आननार न्हाई."

साहेब खालच्या आवाजात म्हणाला, "परवाना नकोय का तुला?"

"पोहून दावलंय. पोहायचा परवाना हाय, आनायचा न्हाई."

मी वळलो आणि पलीकडच्या काठाला निघालो. या काठावर सगळी माणसं होती आणि त्यात माझं एकही नव्हतं. पलीकडे नुसती बाभळ होती. तिथं जाऊन पाण्यातून वर निघालो आणि ओल्या अंगानं मातीत बसलो. शूरपणा वगैरे काही वाटत नव्हता. भावकीतला एक माणूस तरी माझ्या मागं पाण्यात उतरेल म्हणून मी बघत होतो. कुणी उतरलं नाही.

आबा उतरला.

पण माझ्यासाठी नाही. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडून ठेवलं, साहेबाला हात जोडले, "पोरगं येडं हाय सायेब, म्या आनतो," म्हणाला आणि डोहात गेला. त्याला दमा होता. दोन पावसाळे त्यानं बुडी मारली नव्हती. तो खाली गेला आणि वरचं पाणी स्थिर झालं. काठावरची माणसं उठून उभी राहिली. कुणीही हसत नव्हतं, पण कुणी "राहू दे" असंही म्हणालं नाही.

तो वर आला तेव्हा त्याच्या दातात चप्पल होती.

मी पाण्यात कधी शिरलो ते मला आठवत नाही. मध्यावर त्याला गाठलं. त्याचा श्वास चपलेच्या दोन्ही बाजूंनी शिट्टीसारखा येत होता. मी त्याच्या काखेत हात घातला आणि दुसऱ्या हातानं चप्पल ओढली. तो सोडेना. आयुष्यभराचे घट्ट झालेले दात, दोर सुटला तर नाव गेली असं समजणारे. मी ओरडलो, "सोड आबा! दोर न्हाई त्यो!"

त्यानं सोडली. मी ती हातात धरून काठावर सगळ्यांना दिसेल अशी वर केली आणि पाण्यात टाकली. ती पुन्हा खाली गेली.

आबा एवढंच म्हणाला, "परवाना गेला, लेका."

परवाना गेला. माझाही आणि त्याचाही. संध्याकाळी आबानं एकट्यानं नाव दारापुढं ओढून आणली आणि पालथी घातली. आमच्यात घरातला कर्ता माणूस मेला की नाव पालथी घालतात. आम्ही दोघंही जिवंत होतो. त्यानं ती कुणासाठी पालथी घातली हे त्यानं सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही.

भावकीनं मला वाळीत टाकलं नाही, पण माझ्याजवळ बसणंही सोडलं. चुलता म्हणाला, "पान्यात ऱ्हाऊन माशासंगं वैर करू नये." मी म्हणालो, मासा कोण आणि पाणी कुणाचं ते आधी ठरव. तो उठून गेला. पुढच्या रविवारपासून चुलता वस्तू आणायला लागला. दातात.

मी पिंपरीला गेलो. तिथं कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, माळावर भिंती उठत होत्या. कुठकुठल्या मुलखाची माणसं पाट्या वाहत होती, मीही वाहायला लागलो. मुकादम मला माझ्या नावानं हाक मारायचा. पहिल्यांदा मारली तेव्हा मी ओ द्यायला विसरलो. दिवसभर माणसांत असायचो आणि बोलायला कुणी नसायचं. नदी काय असते हे त्यांच्यातल्या कितीकांना माहीतच नव्हतं, त्यांना डोहाचं काय सांगणार? चुन्यानं ओठ फुटायचे. झोपलो की तोंडात कातड्याची चव यायची. उठून चूळ भरायचो. ती चव अजून गेलेली नाही, आणि ती जावी असं आता मला वाटतही नाही.

सुटीला घरी जायचो. आई भाकरी वाढायची. आबा पाठ करून बसायचा. नाव उन्हात वाळत होती.

या रविवारी पुन्हा परीक्षा आहे. मी काम सोडून दोन दिवस आधीच आलो. काल दुपारी नाव सरळ केली. एकट्याचं काम नाही ते, पण केलं. आबा उंबऱ्यात बसून बघत होता. मदतीला उठला नाही, आणि आडवाही आला नाही. लाकडाला फटी पडल्या आहेत, म्हणून नाव काठाशी उथळ पाण्यात बुडवून ठेवली आहे. लाकूड पाणी पिऊन फुगेल, फटी मिटतील. राहतील त्या डांबरानं भरीन. साहेब परवाना देणार नाही हे मला माहीत आहे. मी तो मागायला चाललेलो नाही.

रविवारी ते सतरंजी अंथरतील तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांसमोर पाण्यात उतरणार आहे. दातात दोर असेल, आमच्या नावेचा, आणि नाव मागून येईल. या काठावरून त्या काठावर आणि परत. पोहणं बघायचंय ना त्यांना, नीट बघू देत. दात कशासाठी असतात तेही बघू देत. चुलता ओळीत उभा असेल, बाकीचेही असतील. कुणी माझ्याबरोबर येईल असं मी धरलेलं नाही. मागच्या वेळी धरलं होतं.

आणि कुणी हॅट फेकली, चेंडू फेकला, चप्पल फेकली, माझ्यासाठी किंवा चुलत्यासाठी, तर मी पाण्यात मधेच थांबेन, दोर तोंडातून काढून हातात घेईन आणि दोन्ही काठांना ऐकू जाईल एवढ्यानं सांगेन, ज्याची चप्पल त्यानं उतरून न्यावी.