चार मीटरवरचा पेंग्विन

“केनियात सिंह माझ्या जीपला पाठ घासून गेला,” करंदीकर म्हणाले. “आणि एका पेंग्विनसाठी तू मला या खोपटात बसवतोयस?”

ते खोपटं म्हणजे हाइड. लाकडी भिंती, समोर फट. प्राण्याला आपण दिसू नये म्हणून आत बसून फोटो काढायचे. आमचं हाइड डनेडिनजवळच्या एका बीचवर, पाण्यापासून नव्वद मीटर वर होतं. २००६च्या उन्हाळ्यात मी तिथल्या एका टूर कंपनीत फोटोग्राफी गाइड होतो. करंदीकर मूळ पुण्याचे, इंजिनिअर, ऑकलंडजवळ टाकानिनीला राहायचे. नुकतेच आफ्रिकन सफारी करून आले होते.

“सर, तिथल्या सिंहांना जीपची सवय असते,” मी म्हणालो. “हा पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन. दिवसभर समुद्रात मासे पकडतो, संध्याकाळी झुडपातल्या पिल्लाला भरवायला येतो. वाळूवर माणूस दिसला की पाण्याबाहेर पडत नाही. फोटो जवळून काढल्यासारखा दिसायला हवा ना? ते काम लेन्सचं, पायांचं नाही.”

त्यांनी तिथूनच माझ्या बॉसला, ग्रँटला फोन लावला आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

“त्याने तीन संध्याकाळी बुक केल्यात,” ग्रँट म्हणाला. “ब्रोशरच्या कव्हरला क्लोज-अपही हवाय आपल्याला. खाली ने त्याला.”

“त्या घरट्यात फक्त बाप उरलाय, ग्रँट. आई समुद्रातून परतलीच नाही. पिल्लू आधीच वजनाला कमी आहे, मॅगी सांगत होती.”

मॅगी म्हणजे दर आठवड्याला पिल्लांची वजनं घेणारी व्हॉलंटिअर.

“तुझ्या वर्क परमिटच्या लेटरवर मी याच आठवड्यात सही करणार आहे ना? स्वीट अ‍ॅज, एकदम झकास. मग ने खाली.”

नेलं. खडकाआड जागा मीच शोधून दिली.

पहिल्या संध्याकाळी पेंग्विन फेसातून उभा राहिला, आम्हाला पाहिलं आणि परत पाण्यात गेला. तासाभरात असं चारदा झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. वर झुडपातून पिल्लाची बारीक शिट्टी ऐकू येत होती. “आज पुरे करू या, वर जाऊ,” मी म्हणालो. करंदीकर कॅमेऱ्याला डोळा लावून बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी तो आला. सरळ आमच्या दिशेने. पिल्लाकडे जायची वाट खडकाला लागूनच होती. चार मीटरवर थांबला. चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले. पेंग्विन भेदरला की असाच उभा राहतो.

“बघ, ट्रस्ट करतोय आपल्यावर,” करंदीकर कुजबुजले.

“हलू नका.”

त्यांनी पाच-सहा फ्रेम घेतल्या. मग अँगलसाठी एक पाऊल पुढे टाकलं. पेंग्विन वळला आणि पोटावर घसरत पाण्यात शिरला. त्यानंतर अंधार पडेपर्यंत आला नाही.

दोन दिवसांनी मॅगी ऑफिसात आली. कापडी पिशवीत पिल्लू होतं, मेलेलं. “पोटात काहीच नव्हतं,” ती म्हणाली. “बीचवर कोणी गेलं होतं का?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

ती पिशवी उचलून निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

परमिट झालं. करंदीकरांचा फोटो कव्हरवर आला. खाली ओळ होती, ‘इथे प्राणी तुम्हाला भेटायला येतात.’ ते ब्रोशर मी दोन वर्षं लोकांच्या हातात दिलं.

प्राणी पळाला नाही म्हणजे तो घाबरलेला नाही, असं नसतं. कधी कधी त्याला पळून चालण्यासारखं नसतं. आता हे मी क्लायंटना गाडीतच सांगतो. बहुतेक जण मान डोलावतात आणि विचारतात, “पण किती जवळ जाता येईल?”