सिद्धम्माअक्कांच्या परसातली दुसरी चूल

आज लिंगपूजा झाली, विभूती लावली, तरी मन थाऱ्यावर आलं नाही. म्हणून वहीत सिद्धम्माअक्कांचं लिहायला घेतलं.

अक्का आमच्या शेजारच्या. भालकीच्या या गल्लीत त्यांना चाळीस वर्षं झाली. ऐन तिशीत नवरा गेला. दुसऱ्याच्या रानात खुरपं चालवून त्यांनी जगदेवप्पा आणि गुरुलिंग, दोन्ही पोरं वाढवली. पुढं सुना आल्या, नातवंडं झाली. इतकं झालं तरी दोन्ही भावांचं जेवण एकाच पंगतीला. अक्कांना दुसरं काही मागायचंच नव्हतं. माझ्या माघारी पोरं पांगू नयेत, एवढं एकच मागणं.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला तीन वर्षं होत आली होती. ज्वारी रेशनच्या कार्डावर मिळायची. एका चुलीला एक कार्ड, आणि एका कार्डावर आठच माणसं. अक्कांचं घर अकरा जणांचं. पोरांच्या ताटात भाकरी पडावी म्हणून अक्का पाणी पिऊन निजतात, हे मला कळलं, आणि मीच जाऊन म्हटलं,

"अक्का, परसात एक चूल घाला की. कारकुनाला दावण्यापुरती."

"आणि देवाला काय सांगू, ईरम्मा?"

"देवाला ठावं हाय की, घर एकच हाय ते."

देवाचं नाव घेऊन मी बोलले. तेच आता टोचतं.

अक्कांनी स्वतः माती तुडवून चूल घातली. नव्या चुलीवर आधी दूध उतू घालवायचं असतं, ते मात्र केलं नाही. खोट्या चुलीला कशाला, म्हणाल्या. घरातल्या चुलीतली राख आणून तीत पसरली. कारकून आला, वाकून राख पाहिली, "ठीक है अम्मा" म्हणाला आणि गुरुलिंगच्या नावानं दुसरं कार्ड दिलं. अक्कांचं नाव थोरल्याच्या कार्डावर राहिलं.

महिनाभर घर पोटभर जेवलं. मग धाकटी सून शांतम्मा आपल्या कार्डाची ज्वारी वेगळ्या डब्यात भरू लागली.

"कामून वेगळी ठिवायलीस गं?" थोरलीनं, कल्लव्वानं विचारलं.

"सरकारनंच वेगळं केलंय, मी न्हाई."

"मग सरकार येऊन भाकरी थापतंय व्हय तुझ्या?"

दोघी हसल्या. मीही हसले.

दर सोमवारी आमच्या गल्लीत जंगम अय्या, आम्हा लिंगायतांचे गुरू, भिक्षेला येतात. चूल म्हणजे घर, अशी आमच्यातली रीत. प्रत्येक चुलीची भिक्षा वेगळी. एका सोमवारी परसातल्या चुलीतून पहिल्यांदाच धूर निघत होता. अय्या पुढच्या दारची भिक्षा घेऊन वळले, तोच शांतम्मानं मागल्या दारातून हाक दिली आणि आपल्या चुलीवरची भाकरी त्यांच्या झोळीत घातली.

"तुझ्या घराचं कल्याण होवो," अय्या म्हणाले.

अक्का जात्यापाशी होत्या. त्यांचा हात थांबला. कारकुनाचा कागद फाडता येतो. झोळीत पडलेली भिक्षा माघारी कशी घेणार?

चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी एकट्या कचेरीत गेल्या. "साहेब, दुसरी चूल खोटी हाय. कार्ड काढून घ्या. अर्धपोटी ऱ्हाऊ, पण एकत्र ऱ्हाऊ."

दुसऱ्या दिवशी कारकून तपासायला आला. चुलीवर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला.

"खोटी कुठली, अम्मा? ही तर तापलेली आहे. तुम्ही कुठं जेवता?"

"दोन्हीकडं."

"दोन्हीकडं कसं लिहू?"

"आमच्याकडं लिवा," शांतम्मा पुढं आली.

"काल त्यांचे पाय दुखायले तवा कुठं होतीस गं?" कल्लव्वा म्हणाली.

"तू मला सांगितलीस कवा?"

दोघींची जुंपली. दोघं भाऊ खाली बघत उभे. कुणाला सासू हवी होती आणि कुणाला तिच्या नावची ज्वारी, मला काही ओळखता आलं नाही. अक्कांना आलं असावं. "नाव जिथं हाय तिथंच ऱ्हाऊ द्या, बाबा," त्या म्हणाल्या. दोन्ही कार्डं तशीच ठेवून कारकून गेला.

त्या दिवसापासून शांतम्मा त्यांना जेवायला हाक मारत नाही.

काल दुपारी गुरुलिंगची सहा वर्षांची पोर कट्ट्यावर खेळत होती. मैत्रिणीला सांगत होती, "आमच्या घरात आम्ही पाच जणं. आजी आमची न्हाई, ती काकाची हाय."

अक्का तिथंच डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी दारातूनच मागं फिरले.