पहिली पाटी

होडी किनाऱ्याला लागली की पहिली पाटी घरच्या बाईने घ्यायची, तीही कमरेएवढ्या पाण्यात उतरून. तारापूरकडच्या त्या कोळीवाड्यातली ही जुनी रीत, आणि हंसाने ती लग्नाच्या वर्षापासून पाळली. रामूने होडीवरून मासळीची पाटी खाली द्यायची, हिने ती डोक्यावर घ्यायची आणि लाटेला पाठ देत वाळूवर यायचं. नवराबायकोत तेवढ्यात एखादा शब्द झाला तर झाला. पण त्या घटकेसाठी ती पहाटेपासून सजून असे. हो, सजून! मासळी उतरवायला अंबाड्यात फूल कशाला लागतं, हे ज्याला कळत नाही त्याला समजावण्यात अर्थ नाही.

आता ती वाळूत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. वजन चढत गेलं, गुडघे गेले, अंगात साखर आली. पाण्यात सून उतरते, सलोनी. पोर गुणी आहे. तरी रामू पाटी खाली देताना आधी खुर्चीकडे मान वळवतो आणि मगच सुनेच्या हाती देतो. हंसाला ते बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

वजन कमी करायचं ऑपरेशन असतं हे कळलं, तेव्हा सुनेला घेऊन तिने पालघर गाठलं ते एवढ्याचसाठी. साखरेचं नाव पुढे केलं, ते नुसतं लोकांना सांगायला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "मावशी, दिवसभरात काय काय खाता?"

"काय नाय," हंसा ठसक्यात म्हणाली. "पाटी रिकामी झाल्याबिगर आमी तोंडात घास घेत नाय. दुपारी घरी गेल्यावर एकदाच."

"आणि चहा?"

"चाय काय खाणं हाय?"

सलोनीला राहवलं नाही. "बोयसरच्या बाजारात मासळी घेऊन टेकल्या टेकल्या एक चाय. मग बनपाव बुडवून दुसरी. मग कंपनीतला तो गिऱ्हाईक 'मौसी, गरम है' करत भजी आणतो, ती. मग..."

"गप गो! साक्षीला आणली नाय तुला."

हंसा खोटं बोलत नव्हती. या कोळणींच्या लेखी जेवण म्हणजे भात. भात पोटात गेला नाही, म्हणजे बाई उपाशी. आणि अशी 'उपाशी' बाई दुपारी घरी जाऊन भाताचा जो डोंगर रचते, तो तिने कमावलेला असतो, त्याला कोण बोट लावणार?

डॉक्टरीणबाईंनी पोटाचं चित्र काढलं. एका प्रकारात पोटाचा बराच भाग कापून काढतात, तो काही परत बसत नाही. दुसऱ्यात पोटाची लहानशी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात. साखर असलेल्याला पुष्कळदा ही बरी पडते, पण गोळ्या जन्मभर, आणि गोड चहा ढोसला तर घाम फुटून आडवं व्हायची पाळी येऊ शकते. "दोन्हींत थोडं थोडं, चावून, दिवसातून बऱ्याचदा खायचं. आधी उपास आणि मग ताटभर भात, हे कायमचं बंद. तुम्हाला जमतंय का ते आधी बघा. दिवाळीनंतर या, मग ठरवू."

"मंग मी पाण्यात उतरंन?"

बाई क्षणभर गोंधळल्या. सलोनीला मात्र प्रश्न बरोबर कळला. तिने होडीचं आणि पहिल्या पाटीचं थोडक्यात सांगितलं.

"वजन उतरेल, मावशी. गुडघे झिजलेत ते झिजलेतच. त्यांचं वचन मी देणार नाही."

हंसाला हे उत्तर आवडलं नाही. पण बाई लबाड नाही, एवढं तिला पटलं.

बाजारात पाटी भरलेली असताना तिने पहिल्यांदा डबा उघडला. आत उकडलेलं अंडं होतं आणि माशाचा तुकडा. शेजारची मोनाली ओरडलीच, "अगो बया! पाटी भरलेली आन् तोंड चालू? धंदा बसंल तुजा!"

"बसू दे. मला उटायचंय."

ऐट मारली खरी, पण अर्धं अंडं खाऊन तिने डबा मिटला. तिची आई पाटी विकून घरी येईपर्यंत पोरांनाही ताटावर बसू देत नसे. आणि समोर चहाचा तो वास! एकदा तिने मोनालीच्या हातचा गोड चहा घटाघट प्यायला आणि घरी येऊन स्वतःच सलोनीला सांगितलं. सून रागावली नाही. उद्यापासून बिनसाखरेचा थर्मास देते म्हणाली.

दिवाळी सरली. पालघरला जायचं त्याच दिवशी सकाळी होडी आली. हंसा खुर्चीतून उठली आणि कोणाला न विचारता पाण्याकडे चालू लागली. घोट्याएवढं पाणी झालं, पोटऱ्या भिजल्या. मग एक लाट गुडघ्यांवर आपटली, तशी ती हेलपाटली. मागून सलोनीने धरलं.

"थांब गो तिथंच!" रामू होडीवरून ओरडला. किती दिवसांनी पाण्यातल्या बाईला त्याने अशी हाक मारली होती!

ती थांबली. दोघांच्यात अजून बरंच पाणी होतं. सून पुढे गेली, पहिली पाटी तिनेच घेतली.

वाळूवर सलोनीने ती खुर्चीपाशी टेकवली. ओल्या बोंबलांवरून हंसाने हात फिरवला. मग डबा काढला, भरल्या पाटीसमोर सावकाश एक घास चावला आणि म्हणाली, "चल. ती जन्मभर गोळ्यांवाली करू म्हणते मी. बाई काय बोलते बघू."

"आन् गुडघ्यांचं, आई?"

हंसा होडीकडे बघत होती. रामू जाळं झटकत होता, तोंड इकडेच.

"आज पोटरीपत्तूर गेलते ना?"