काकूंच्या जॅकेटची उलट बाजू

माझ्या लहानपणी काकूंनी मुंबईच्या एका डिझायनर कंपनीचं जॅकेट हौसेनं आणलं होतं. दाराएवढे रुंद खांदे आणि पाठीवर तीन सोनेरी सिंह, ही त्या कंपनीची खूण. शाहपूरच्या एका लग्नात त्या ते घालून आल्या, तेव्हा मीच भर मांडवात म्हणालो, "काकू, बँडवाले तुम्हाला शोधताहेत." अख्खा मांडव हसला. काकूही हसल्या, पण जॅकेट पुन्हा कधी दिसलं नाही.

ते दिसलं गेल्या दिवाळीच्या आधी, काकूंच्या दारात बसलेल्या बोहारणीच्या गाठोड्यावर.

"याच्यात एक छोटी पातेली येईल बस, बाई," बोहारीण म्हणत होती. "हे आता कोण घालणार?"

आम्ही बऱ्हाणपूरकर, जरी-कापडाच्या गावचे; कापड हातात आलं की आधी उलटून बघतो. मीही सवयीनं उसवलेल्या अस्तरातून आत डोकावलो. आतूनही सिंह बाहेरच्याइतकेच देखणे होते. जरीला कुठे गाठ नाही, लोंबता धागा नाही. आयाळीचा एकेक केस वेगळा, हातानं भरलेला. जी बाजू कुणी बघणार नाही, तिच्यावर कुणीतरी एवढा जीव लावला होता, आणि आम्ही त्या कंपनीला भडक म्हणून हिणवत होतो.

"काकू, मी गाढव होतो," मी म्हणालो.

"होतास?" काकूंनी विचारलं.

माझ्या दोन चांगल्या पँट देऊन मी जॅकेट सोडवलं आणि काकूंपुढे धरलं. त्यांनी ते अंगात घातलं, सगळी बटणं लावली, आणि दोन पँटवर मोठं पातेलं मिळायला हवं म्हणून बोहारणीशी हुज्जत घालू लागल्या.